मुदत न मागणारे इनामदारसाहेब

इनामदारसाहेबांच्या ऑफिसात दुपारी बारा ते तीन पंखा लावायचा नाही, असा नियम होता. कारण एवढंच की कागद उडतात. एप्रिल-मे महिन्यात जालना रोडचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आमच्या त्या दोन खोल्यांत साहेब पंख्याखाली बसून, पंखा न लावता, वाचत असायचे. मी मूळची पैठणची. एकदा माहेराहून येताना गोदावरीतले चांगले जड, गुळगुळीत आठ दगड घेऊन आले आणि त्यांच्या टेबलावर मांडले. म्हटलं, "साहेब, आता लावू पंखा?"

त्यांनी एक दगड उचलून तळहातावर फिरवला. "सुंदर आहे. पण दगड कागद धरतो, वर्षाबाई. लक्ष कोण धरणार?"

पंखा बंदच राहिला. दगड मात्र त्यांनी शेवटपर्यंत वापरले.

त्यांच्याकडे मी एकोणीस वर्षं काम केलं. लागले टायपिंगसाठी. मग फाइली, तारखा, नकला, विजेचं बिल, असं एकेक माझ्याकडे येत गेलं. मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची, ऑफिसात कामांची, लग्नकार्यात कुणाला काय द्यायचं त्याची. ऑफिसात मी एक फाइल केली होती, त्यात प्रत्येक प्रकारच्या अर्जाचा एक नमुना क्रमानं लावला होता. जामिनाचा, नकलेचा, वकीलपत्राचा. परवा माझ्या सध्याच्या ऑफिसातल्या नव्या ज्युनियर मुलीनं मुदतीच्या अर्जाचा नमुना मागितला. म्हणजे काही कारणानं आज काम चालवता येत नाही, पुढची तारीख द्यावी, असा अर्ज. मी अर्ध्या मिनिटात काढून दिला. ती गेल्यावर लक्षात आलं की इनामदारसाहेबांच्या ऑफिसातल्या फाइलीत हा एक नमुना कधी नव्हताच. शेवटच्या एका खटल्यापर्यंत त्यांनी कधी मुदत मागितली नव्हती. दिवसभर मग साहेबच डोक्यात राहिले.

रशीद इनामदार. बुटके, गोरे, डाव्या कानानं कमी ऐकणारे, त्यामुळे बोलणाऱ्याकडे कायम उजवी बाजू करून बसणारे. काम फौजदारी अपिलांचं. खाली सत्र न्यायालयात शिक्षा झाली की माणसं इथं हायकोर्टाच्या खंडपीठात अपील करायला येत, आणि त्यातली बरीच साहेबांकडे येत. मराठी त्यांची स्वच्छ, पण वडील निजामाच्या काळातल्या कचेरीत मोहरीर, म्हणजे कारकून, होते, त्यामुळे फाइलीला ते 'मिसल' म्हणत आणि तारखेला 'पेशी'. चहा बशीत. खारी चहात बुडवायची, पण ती तुटून चहात पडली तर तो चहा प्यायचा नाही, दुसरा मागवायचा. जेमतेम बोटभर उरलेल्या पेन्सिली फेकू द्यायचे नाहीत. नवी पेन्सिल दिली तर ती ज्युनियरला.

आणि रोजनामा. खटल्यात कोणत्या दिवशी कोण हजर होतं, कुणी कोणता अर्ज दिला, कोर्टानं काय केलं, याची जी रोजची नोंद असते, तो रोजनामा. नवीन फाइल आली की सगळे वकील आधी निकाल वाचतात. साहेब निकालाची पानं उलटी करून त्यावर दगड ठेवायचे आणि रोजनामा पहिल्या दिवसापासून वाचायचे. म्हणायचे, "निकाल वाचून जज कळतो. रोजनामा वाचून खटला कळतो."

मुदतीचं सांगते. तारीख मागणाऱ्या वकिलांबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. कोणी बाररूममध्ये म्हणालं, "आज जरा टाइम घेतो," की हे उजवा कान वळवून विचारायचे, "कशासाठी? वाचलं नाही म्हणून?" त्यामुळे मित्र कमी. ताप अंगात असताना ते उभे राहिले आहेत. दात काढून आल्यावर गालात कापूस धरून त्यांनी पाऊण तास युक्तिवाद केला आणि न्यायमूर्तींना वाटलं, वकीलसाहेब आज फार संयमानं बोलतायत.

मुलीच्या निकाहच्या दिवशीची गोष्ट तर ते स्वतःच सांगायचे. त्याच दिवशी एका अपिलाची अंतिम सुनावणी लागली. समोरचे सरकारी वकीलसुद्धा म्हणाले, "साहेब, मुदत घ्या, माझी हरकत नाही." साहेब शेरवानीवर काळा गाऊन चढवून कोर्टात गेले. नंबर दुपारी आला. घरी काझी, वऱ्हाडी, बिर्याणीचे डेग, सगळे थांबलेले. साहेब ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगत. एकदा त्यांच्या घरी फरहतभाभी, म्हणजे त्यांच्या बेगम, चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि त्यांनी शेवट ऐकला.

"पूरी सांगा ना गोष्ट," भाभी म्हणाल्या. "कोर्टाकडून नाही घेतली मुदत. काझीकडून घेतली. मुलीकडून घेतली. अडीच तास. त्याला काय म्हणतात तुमच्यात?"

साहेबांनी खारी बुडवली. ती तुटली.

सुदाम काळेची फाइल आली ती उन्हाळ्यातच. शेजारच्या एका जिल्ह्यातला, तालुक्याच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, हमाल. मोंढ्यात दोन टोळ्यांची बाचाबाची झाली, त्यात मुकादमाच्या डोक्यात पोती उचलायचा लोखंडी आकडा बसला. मुकादम वाचला, पण त्याचा एक हात कायमचा गेला. गर्दीत आकडा कुणी मारला ते सांगणारा एकच साक्षीदार, साक्षीदार क्रमांक तीन, अंकुश. सुदामच्याच टोळीतला. तो म्हणाला, सुदामनं मारला, मी पाहिलं. सुदामला खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षं. रवानगी हर्सूलच्या मध्यवर्ती तुरुंगात.

त्याची बायको संगीता नवऱ्याच्या मागोमाग या शहरात आली होती. बजाजनगरला एका खोलीत राहायची, एका कंपनीत पॅकिंगला जायची, सुट्टीच्या दिवशी हर्सूलला मुलाखतीला आणि तिथून थेट आमच्याकडे. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसलीच नाही.

"साहेब, ते म्हणतेत का मी मारलं नाय. मी तव्हा वजनकाट्यापाशी व्हतो. आमच्या वकिलानं अंकुशला एक शब्द इचारला नाय. एक नाय."

"का नाही विचारला?"

"ते आलेच नव्हते त्या दिशी."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, निकालावर दगड ठेवला आणि रोजनामा उघडला. मी समोर होते. त्यांची पेन्सिल एका पानावर थांबली. नोंद चार ओळींची होती: आरोपीचे वकील गैरहजर. मुदतीचा अर्ज नामंजूर. साक्षीदार क्रमांक तीन तपासला. उलटतपास नाही.

मागची-पुढची पानं उलटली. त्याआधी दोन तारखांना मुदतीचे अर्ज, ते मंजूर. नंतरच्या आठवड्यात अर्ज, अंकुशला पुन्हा बोलावून उलटतपास घेऊ द्यावा. नामंजूर. कारण, आरोपी पहिल्यापासून वेळकाढूपणा करतो आहे. सगळ्यात शेवटी, निकालानंतर, वहीच्या पानावर संगीतानं स्वतः लिहिलेला अर्ज होता. 'खटला परत चालवा. आमचं कोणी ऐकलं नाही.' त्यावर शेरा, तशी तरतूद नाही, अपील करता येईल.

"हे तुझं अक्षर?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. चुकलं का काय?"

"नाही. या सगळ्या मिसलीत एवढंच सरळ लिहिलेलं आहे."

ती गेल्यावर साहेब चिडले, पण मला वाटलं होतं तसे कोर्टावर नाही. खालच्या वकिलावर. "अकरा तारखा झाल्या या खटल्यात, वर्षाबाई. अकरा! माणूस तुरुंगात आणि हा तारखा घेत फिरतो. मग खऱ्या वेळेला कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

त्यांनी त्या वकिलाला फोन करून बोलावलं. तो दोन दिवसांनी आला. पन्नाशीचा, घामाघूम, हातात प्लॅस्टिकची पिशवी. साहेबांनी पाणीसुद्धा विचारायच्या आत सुरुवात केली. तो सगळं ऐकून घेत गेला. मग पिशवीतून हॉस्पिटलचे कागद काढून टेबलावर ठेवले. "त्या दिवशी सकाळी आई व्हेंटिलेटरवर होती, सर. ज्युनियर नाही माझ्याकडे. अर्ज कारकुनाच्या हातानं पाठवला. हे कागद जोडायचे राहिले त्याला. आधीच्या दोन मुदती माझ्या आळसाच्या होत्या, ते कबूल. ही नव्हती."

"आई?" साहेबांनी उजवा कान पुढे केला.

"चार दिवसांनी गेली."

साहेबांनी मला पंखा लावायला सांगितला. दुपारचे दीड वाजले होते. त्या माणसाला दोन कप चहा पाजून त्यांनी निरोप दिला.

माझ्या वाट्याला आलं तारखांची यादी करायचं काम. अकरा तारखा, त्या कुणामुळे गेल्या, पुढे रोजनाम्याचं पान. यादी करायला मला एक दुपार लागली. अकरापैकी पाच तारखांना सरकारी साक्षीदार आलेच नव्हते. तीन तारखांना कोर्टच रजेवर होतं. आरोपीच्या वकिलानं मुदत मागितली ती फक्त तीन तारखांना, तिसरी आईच्या आजाराची. निकालपत्रात मात्र अकराच्या अकरा सुदामच्या नावावर होत्या. मी ते साहेबांना दाखवलं आणि विचारलं, "आपल्या तीन यादीत ठेवू, की नुसत्या त्या आठ देऊ?"

"आपल्या तीन सगळ्यात वर घाला," ते म्हणाले. "आळसाच्या दोनपुढे 'आळस' असं नका लिहू फक्त. आपण लपवलेली तारीख समोरचा मोठ्यानं वाचतो."

अपील दाखल झालं. शिक्षेला स्थगिती मिळाली नाही, जखम गंभीर होती. सुदाम हर्सूलला, संगीता पॅकिंगला आणि अपील रांगेत. साहेबांनी लवकर सुनावणीसाठी अर्ज केले. या काळात संगीता येत राहिली. ती आली की साहेबांना दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "लागला का नंबर?" आणि दर वेळी साहेब खुर्चीतून थोडे उठून सांगायचे, "नाही, बेटा." एवढ्या वर्षांत अशिलासाठी त्यांना उठताना मी पाहिलं नव्हतं. एकदा तिनं मुलीच्या शाळेतला निबंध आणला होता, 'माझे बाबा'. साहेबांनी तो पूर्ण वाचला. पेन्सिलीनं एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि लगेच खोडरबरनं पुसून पहिल्यासारखा केला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला नंबर लागला. खंडपीठातलं काम इंग्रजीत चालतं, मी मराठीत सांगते. साहेबांनी निकालाबद्दल एक अक्षर न बोलता रोजनामा वाचायला सुरुवात केली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की अकरा तारखा होऊन गेल्यावर कोर्टानं किती थांबायचं? साहेबांनी माझी यादी पुढे केली. न्यायमूर्तींनी ती पाहिली, मग चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं. दोघे एकमेकांना वीस वर्षं ओळखत होते.

"मिस्टर इनामदार, तुम्ही माझ्यासमोर कधी मुदत मागितल्याचं मला आठवत नाही. आणि मुदत नाकारणं हा अन्याय आहे, असं तुम्ही सांगताय?"

कोर्टात थोडं हसू उमटलं. साहेब हसले नाहीत.

"मिलॉर्ड, माझी आई सुट्टीच्या दिवशी वारली. मुलं आजारी पडली ती रात्री. ताप आला तो अंगावर काढण्याइतका आला. मी याला इतकी वर्षं शिस्त म्हणत आलो. ते नशीब होतं. जे माझ्या नशिबात होतं, ते या आरोपीच्या वकिलाच्या नशिबात नव्हतं, म्हणून त्याला दोष मी आधी स्वतः दिला, आणि मी चुकलो."  मी मागच्या बाकावर होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. "दोन तारखा वकिलाच्या आळसानं गेल्या, त्याबद्दल वकिलाला दंड करा. पण एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर दुसऱ्याला सात वर्षं, आणि त्या शब्दाला एक प्रश्नसुद्धा नाही, हे मला कुठल्याच शिस्तीत बसवता येत नाही."

निकाल तीन आठवड्यांनी आला. शिक्षा रद्द. खटला खाली परत, अंकुशच्या उलटतपासापासून पुढे चालवायचा. तोवर सुदामला जामीन. मी बाहेरच्या व्हरांड्यात संगीताला फोन लावून साहेबांच्या हातात दिला. त्यांनी चूक करून तो डाव्या कानाला लावला, मग उजव्या.

"म्हंजे सुटले का?" फोनमधला तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"तुरुंगातून येईल. पण खटला पुन्हा चालेल."

"पुन्हा? मग जिंकलो म्हंजे काय झालं, साहेब?"

 फोन माझ्याकडे देत साहेब म्हणाले, "ती बरोबर विचारते. आपण तिला दार उघडून दिलं. आत कोण जाणार?"

आत तेच गेले. सत्र न्यायालयात उभं राहून त्यांना पंधरा वर्षं झाली होती. खालचा खटला चालवणं, साक्षीदाराशी समोरासमोर बोलणं, हे काम त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. वकीलपत्र दाखल करायला निघालो त्या दिवशी फरहतभाभींनी डबा भरून दिला आणि मला म्हणाल्या, "वर्षा, यांना एस.टी.त खिडकीची सीट दे. आणि रस्त्यात मिसल वाचू देऊ नको, उलटी होते." उलटी झाली.

उलटतपासाच्या पहिल्याच तारखेच्या आदल्या दिवशी भाभी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये साहेब बाकावर बसले होते. मला म्हणाले, "वर्षाबाई, मुदतीच्या अर्जाचा नमुना आहे ना आपल्या फाइलीत?"

"नाही साहेब."

"तुमच्याकडे नाही?"

"कधी लागलाच नाही."

मग त्यांनी हातानं लिहिला. तीनदा खाडाखोड. पहिल्या मसुद्यात त्यांनी कायद्याची चार कलमं घातली होती. मी म्हटलं, "साहेब, नुसतं लिहा, पत्नीचं ऑपरेशन आहे." सोबत डॉक्टरांचा कागद मी स्वतः जोडला, दोन टाचण्या मारून. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो घेऊन मी गेले. तिथल्या न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, विचारलं, "आता कशा आहेत त्या?" आणि दहा दिवसांची तारीख दिली. मी फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, "मिळाली?" मी म्हटलं, "मिळाली." ते पुन्हा म्हणाले, "मिळाली?"  मागे कुणीतरी भाभींना शुद्ध आल्याचं सांगत होतं.

दहा दिवसांनी अंकुश पिंजऱ्यात उभा राहिला. पांढरा शर्ट, नवा. पाठ केल्यासारखं बोलत होता. साहेबांनी जवळजवळ तासभर प्रश्न विचारले. अंतर किती, उजेड किती, गर्दी किती, जबाब इतक्या उशिरा का. सगळे प्रश्न चांगले होते, वहीत क्रमानं लिहिलेले, मीच टाइप केलेले. आणि अंकुश प्रत्येकातून निसटत होता. "लक्षात नाय." "गर्दी व्हती पण मला दिसलं." संगीता माझ्या शेजारी बसली होती. ती पदराचं टोक दाताखाली धरून बसली होती. मला आकडेमोड करायची गरज नव्हती. हे असंच संपलं तर सात वर्षांतली उरलेली वर्षं परत हर्सूलला, आणि या वेळेला कोर्ट म्हणेल, उलटतपास पूर्ण झाला, न्याय मिळाला.

साहेबांचा शेवटचा प्रश्न झाला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "संपलं, वकीलसाहेब?"

तेवढ्यात मागे आरोपीच्या जागेवरून सुदामनं हात वर केला. शाळेतल्यासारखा, अर्धा. शिपायानं त्याला खाली कर म्हणून खुणावलं.

"एक मिनिट, मॅडम," साहेब म्हणाले. "माझ्या अशिलाला काही सांगायचंय."

ते चालत मागे गेले आणि त्यांनी उजवा कान पुढे केला. सुदाम त्यांच्या कानाशी हातवारे करत बोलत राहिला. साहेबांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना काही कळत नव्हतं, हे मी एकोणीस वर्षांच्या ओळखीवर सांगू शकते. ते परत आले. वही त्यांनी उघडली नाही.

"पुढचे प्रश्न माझे नाहीत, आरोपीचे आहेत. त्याच्याच शब्दांत विचारायची परवानगी द्या."

"विचारा."

साहेब अंकुशकडे वळले आणि आपल्या स्वच्छ मराठीला बाजूला ठेवून, प्रत्येक शब्द जपून, म्हणाले, "अंकुश, त्या दिशी गाडीत पोत्यांच्या थप्पीला कोण व्हतं?"

अंकुशनं पहिल्यांदा सुदामकडे पाहिलं.

"सांग."

"मी."

"थप्पीवाला खाली कव्हा उतरतो?"

 टायपिस्टची बोटं थांबली होती.

"गाडी भरल्यावर."

"गाडी भरली व्हती का?"

"नाय. अर्धी."

"मग तू खाली कव्हा उतरला?"

"आरडाओरडा झाल्यावर," अंकुश म्हणाला. आणि मग कुणी न विचारता, हळू आवाजात, "मला मुकादमाच्या पोरांनी सांगितलं व्हतं, साहेब, काय सांगायचं ते."

सरकारी वकील उठले, काहीतरी म्हणाले. साहेब खाली बसले.

निकाल दोन महिन्यांनी लागला. सुदाम निर्दोष सुटला. निकालाला मी एकटीच होते. भाभींचा खुबा नीट भरेना म्हणून साहेब त्यांना घेऊन हैदराबादला मुलीकडे गेले होते. चार आठवड्यांसाठी म्हणून गेले, पण परत आले नाहीत. ऑफिस आवरायचं काम फोनवरून सांगत गेले आणि मी करत गेले. मागच्या वर्षी तिकडेच वारले. त्यामुळे गाऊनमधले इनामदारसाहेब मी शेवटचे पाहिले ते त्या उलटतपासाच्या दिवशीच, कोर्ट उठल्यानंतर.

सामान गोळा करून मी व्हरांड्यात आले तर साहेब गाऊनसकट जमिनीवर बसले होते. समोर सुदाम, बाजूला संगीता. मध्ये आमच्या मिसली, सुतळीनं बांधलेले कागदांचे सात-आठ गठ्ठे आणि साहेबांचा जेवणाचा डबा. सुदाम एकेक गठ्ठा आडवा-उभा रचून दाखवत होता.

"पहिली रांग अशी. मंग दुसरी आडवी, न्हाईतर वळणावर ढासळती. थप्पीवाला हिकडं आत उभा राहातो, अन् थप्पी जशी चढती तसा त्यो झाकत जातो. डोक्याच्या वर गेली का त्याला निस्तं आभाळ दिसतंय."

"म्हणजे हा डबा अंकुश," साहेब म्हणाले.

"व्हय. आता बघा, डब्याला खालचं कायबी दिसतंय का?"

साहेबांनी गाल फरशीला टेकेपर्यंत मान वाकवली आणि डब्याच्या बाजूनं पाहिलं. "नाही दिसत."

"दिसतच नाय."

"मग हे तुरुंगात भेटलो तेव्हा का नाही सांगितलंस, बेटा? इतके दिवस?"

सुदामला प्रश्नच कळला नाही. त्यानं संगीताकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "त्यात सांगायचं काय, साहेब? थप्पीवाल्याला खालचं दिसत नाय, हे तर सगळ्यालाच ठावं असतंय."

"मला नव्हतं ठाऊक."

"तुमाला?" सुदाम म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. संगीता पण हसली, पदर तोंडाला लावून.

साहेबांनी हात पुढे करून सगळे गठ्ठे पाडले. "पुन्हा दाखव. मी रचतो. चुकलं तर सांग."

परतीची एस.टी. साडेचारची होती. त्यानंतरची थेट साडेसातला. माझ्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि स्टँड दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. साहेब पहिली रांग लावत होते. मी घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.